विद्येसाठी मागताना भीड कसली?

दिवाळीच्या फराळाचे डबे रिते होऊ लागले की ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षात असते, त्या घरांत एक निराळीच धांदल सुरू होते. पुढील शिक्षणाचे अर्ज भरण्याचे हे दिवस. परदेशी विद्यापीठांच्या बहुतेक मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात. आपल्याकडील शिष्यवृत्त्यांच्या तारखा वर्षभर पुढेमागे होत राहतात. अभियांत्रिकीकडे वा व्यवस्थापनाकडे वळणाऱ्या मुलाच्या घरी ही धांदल उघड असते. बँकेत खेटे घातले जातात, काका-मामांचा सल्ला घेतला जातो, प्रसंगी दागिनाही मोडला जातो. परंतु इतिहास, संस्कृत, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र किंवा मराठी घेऊन पुढे शिकू पाहणाऱ्या मुलीच्या घरी हा विषय दबक्या आवाजात निघतो आणि बहुधा तेथेच मिटतो. पैसा नाही, हे त्याचे एक कारण. ‘नाही’ असे लिहून द्यावे लागेल, हे दुसरे. पहिल्या कारणाबद्दल पुष्कळ बोलले जाते. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते दुसऱ्याबद्दल.

आमच्या या बडोद्यात पाच-पाच, सहा-सहा पिढ्या राहिलेली मराठी घराणी आहेत. कोणाच्या पूर्वजाने शिलेदारी केली, कोणाचे पणजोबा फडणिशीत होते, कोणी हुजूर कचेरीत लेखणी झिजवली. दांडिया बाजारातील वा रावपुऱ्यातील वाड्याच्या दारावर पितळी पाटी अजून लखलखते; आत मात्र चार बिऱ्हाडांची वाटणी, कोर्टात लोंबकळलेला दावा आणि एका निवृत्तिवेतनावर चाललेला संसार असतो. अशा घरातील मुलीने गरजूंसाठी असलेल्या शिष्यवृत्तीचा कागद पुढे ठेवला की वडीलधारी मंडळी म्हणतात, “आपल्या घराण्यात असे कोणी मागितले नाही.” हे म्हणणे समजण्यासारखे आहे. परंतु ते खरे नाही, आणि त्याची किंमत त्या मुलीला मोजावी लागते.

दक्षिणा आणि वार

मराठी समाजात विद्येला पैसा देण्याची रीत जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी बडोद्याच्या शेजारचीच एक घटना आहे. तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत. १७३१ साली डभोईजवळच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव पडले आणि त्यानंतर बाजीरावांनी तो दक्षिणेचा परिपाठ पुण्यात चालू ठेवला. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनी तो एकदम मोडला नाही. त्याच द्रव्यातून १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यातील पाठशाळा निघाली. १८४९ साली सुधारक मंडळींनी अर्ज करून हा पैसा मराठी ग्रंथरचनेसाठीही खर्च व्हावा अशी मागणी केली. तेव्हा पुण्यात केवढा गहजब झाला आणि जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी कसे उभे राहिले, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊकच आहे. पुढे याच निधीतून महाविद्यालयांत दक्षिणा फेलोशिपा निर्माण झाल्या. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. ज्याला आपण आज फेलोशिप म्हणतो ती आमच्याकडे काही परकी वस्तू नव्हे.

तथापि दक्षिणेचा हा इतिहास गौरवाचा तेवढाच विचार करावयास लावणारा आहे. मूळ दक्षिणेत विद्या पाहिली जाई, पण त्याआधी जात पाहिली जाई. गरज तर पाहिलीच जात नसे. जो विद्वान होऊन आला त्याचा तो सन्मान होता. विद्वान होण्यासाठी ज्याला अजून शिकावयाचे आहे त्याचा तो आधार नव्हता.

तो आधार गरीब विद्यार्थ्याला मिळे तो वार लावून आणि माधुकरी मागून. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे फिरून किती मुले शिकली याची गणती नाही. या रीतीतील माणुसकी आम्ही नाकारीत नाही. परंतु वारावर जेवणाऱ्या मुलाला पानावर बसताना दररोज आपली गरज नव्याने सिद्ध करावी लागे, आणि यजमानीणबाईंची मर्जी हीच त्याची नियमावली असे. शिवाय हीही सोय ठरावीक जातींच्या मुलांपुरतीच होती. ज्यांस वारही नव्हता त्यांच्यामागे बहुधा घरातलेच कोणी झिजले. गोपाळ कृष्ण गोखले यांचे थोरले बंधू गोविंदराव दरमहा पंधरा रुपये मिळवीत आणि त्यांतील आठ गोपाळरावांच्या शिक्षणासाठी पाठवीत. अशी उदाहरणे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण एका भावाच्या विद्येसाठी दुसऱ्या भावाची विद्या थांबावी लागते, हे सांगावयाचे राहून जाते. आणि बहिणीचे तर नावच निघत नाही.

बडोद्याने केलेला करार

या जुन्या दोन्ही रीतींहून वेगळी अशी तिसरी रीत आपल्या शहराने पाहिली, ती श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत. १९०६ साली साऱ्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या या राजाने उच्च शिक्षणासाठीही राज्याचा खजिना उघडला. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली तुलनात्मक धर्माच्या अध्ययनासाठी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, त्यांच्या प्रवासाला महाराजांचे साहाय्य होते. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून १९२५ पर्यंत बडोदे सरकारच्या नोकरीत होते. ‘मराठी रियासती’चा आरंभ याच काळात झाला. धर्माचे अध्ययन आणि इतिहासलेखन यांतून राज्याच्या तिजोरीत एक पैचीही भर पडणार नव्हती, हे महाराजांस कळत नव्हते असे कोण म्हणेल?

परंतु सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. मुंबईच्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या विद्यार्थ्याची महाराजांशी गाठ घालून दिली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षणासाठी त्यांस दरमहा पंचवीस रुपये मिळू लागले. पुढे ४ जून १९१३ रोजी आंबेडकरांनी बडोदे राज्याशी करारपत्र केले. राज्याने तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड द्यावयाचे. विद्यार्थ्याने ठरलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि परत आल्यावर दहा वर्षे राज्याची नोकरी करावयाची. त्या पैशावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास आणि मानवशास्त्र शिकले. १९१६ च्या मे महिन्यात तेथील चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. बडोद्याच्या साडेअकरा पौंडांतून जे निघाले त्याचे मोल आज कोणत्या चलनात करावयाचे?

या करारात आमच्या मते एक मोठी गोष्ट आहे. ती दक्षिणा नव्हती आणि वारही नव्हता. दोन पक्षांनी सही केलेला तो व्यवहार होता. घेणाऱ्याची गरज उघड होती आणि तिच्याबद्दल कोणी आडपडदा ठेवला नाही. देणाऱ्याची अपेक्षाही उघड होती. गरज लिहून दिल्याने आंबेडकर लहान झाले नाहीत.

लहानपणा आला तो दुसऱ्याच ठिकाणी, आणि तो आपल्या शहराला आला. १९१७ च्या सप्टेंबरात करारान्वये ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांस राहावयास खोली मिळाली नाही. हिंदूंच्या खाणावळीची दारे बंद होती. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांस बाहेर काढले. कमाठी बागेत काही तास काढून त्यांनी रात्रीच्या गाडीने शहर सोडले. राज्याने पैसा दिला, शहराने छप्पर दिले नाही. दहा वर्षांचा करार काही दिवसांत मोडला, तो विद्यार्थ्यामुळे नव्हे. शिष्यवृत्तीचा विचार करताना हा धडा आम्हा बडोदेकरांस तरी विसरता येणार नाही. पैसा हा गरजेचा एक भाग आहे. विद्यार्थ्याला राहावयास जागा आणि वागणुकीत बरोबरी हेही लागते.

आजची स्थिती

आता आजच्या योजनांकडे वळू. त्यांत गुणांवर मिळणारे आणि गरजेवर मिळणारे असे दोन प्रवाह आहेत, आणि पालक त्यांची नेहमी गल्लत करतात. विद्यापीठ अनुदान मंडळाची कनिष्ठ संशोधन फेलोशिप ‘नेट’ परीक्षेवर मिळते. २०२३ च्या जानेवारीपासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये झाली. तेथे घरचे उत्पन्न विचारीत नाहीत. गुजरात शासनाने २०१९-२० पासून सुरू केलेल्या ‘शोध’ योजनेत पूर्ण वेळ पीएच.डी. करणाऱ्यांस दोन वर्षे दरमहा १५,००० रुपये आणि आनुषंगिक खर्चासाठी वर्षाला २०,००० रुपये ठरले. हीही गरजेची नव्हे, निवडीची योजना. केंद्रीय विद्यापीठांत ‘नेट’ नसलेल्या संशोधकांस मिळणारे दरमहा ८,००० रुपये १९१३ च्या साडेअकरा पौंडांप्रमाणे पुरेसे होते असे कोणी म्हणणार नाही. तरीही २०१५ च्या ऑक्टोबरात ते बंद करण्याचे ठरले, तेव्हा दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि तो निर्णय थांबवावा लागला.

गरजेवर बेतलेल्या योजना कमी आहेत, आणि त्या निसरड्या आहेत. बारावीनंतर मिळणाऱ्या केंद्र शासनाच्या शिष्यवृत्तीत कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख रुपये ठेवलेली आहे. पदवीच्या वर्षांत वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तर वर्षांत २०,००० रुपये असा तिचा दर आहे. मात्र तिचा पहिला अर्ज बारावी होताच करावा लागतो. एम.ए.ला आल्यावर जागे झालेल्या पालकांस ते दार बंद झालेले आढळते. अल्पसंख्य समाजांतील संशोधकांसाठी असलेली आणि उत्पन्नाची मर्यादा पाहून दिली जाणारी मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद करण्यात आली. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. तिच्याबाबत २०२५ साली काय घडले? निवडलेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी पहिल्या खेपेस केवळ ४० जणांस पत्रे गेली, आणि बाकीच्यांस पैसा उपलब्ध झाला तर पाहू असे कळविण्यात आले. परदेशी विद्यापीठातील जागा हातात घेऊन बसलेल्या मुलाने त्या ‘तर’चे काय करावे?

याच शिष्यवृत्तीच्या २०२२ सालच्या नियमावलीत आणखी एक कलम घालण्यात आले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अध्ययन हे विषय परदेशी अभ्यासासाठी या शिष्यवृत्तीतून वगळले गेले. भारताचा अभ्यास भारतात उत्तम होतो, तो करावयास परदेशी कशाला जावयाचे, असे त्याचे समर्थन झाले. या युक्तिवादात वरवर तथ्य दिसते. परंतु या कसोटीवर १९१६ सालचा भारतीय जातींवरील निबंध बसला असता काय? रुपयाच्या प्रश्नावरील, १९२३ सालचा लंडनचा प्रबंध बसला असता काय? ज्या वर्गांच्या मुलांसाठी ही योजना आहे त्यांच्या सर्वांत थोर विद्यार्थ्याचा अर्ज त्याच योजनेच्या खिडकीवरून परत गेला असता. आपल्या समाजाकडे दुरून, निराळ्या ग्रंथालयातून आणि निराळ्या शिस्तीतून पाहण्याची मुभा ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांनाच असावी, असा या कलमाचा परिणाम होतो. त्याचा निषेध केल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही.

मानव्यविद्यांच्या बाबतीत गरजेचा प्रश्न अधिक तीव्र का, हेही येथेच सांगितले पाहिजे. अभियंता होणाऱ्या मुलाला बँक कर्ज देते, कारण वसुलीचा भरवसा असतो. मोडी कागद वाचू पाहणाऱ्या मुलीला ती कोणत्या भरवशावर देईल? ज्या विद्येला बाजारभाव नाही तिच्यात गरजूला वाट ठेवली नाही, तर ती विद्या खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांचीच होऊन बसते. मग इतिहास तेच लिहितात, कोणती पोथी छापावी हे तेच ठरवितात आणि कोणाच्या आज्या-पणज्यांचे जगणे नोंदविण्याजोगे आहे हेही तेच ठरवितात. आपल्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तेथील हस्तलिखिते आणि बडोदे दफ्तरातील मोडी रुमाल वाचणारे डोळे पुढच्या पिढीत कोठून येणार? ते डोळे ज्या घरांत आहेत तेथे एम.ए.ची फी आणि दोन वर्षांचा खर्च हाच पहिला अडसर आहे.

दाखला काय सांगतो

गरज मोजण्याचे सरकारी माप म्हणजे मामलतदार कचेरीचा उत्पन्नाचा दाखला. तो आकडा सांगतो, पण घर सांगत नाही. चार लाखांवर तिघांचे घर चालते आणि आठांचेही. आजीच्या दर आठवड्याच्या डायलिसिसचा खर्च त्यात दिसत नाही, वडिलांची नोकरी मार्चनंतर सुटली हेही दिसत नाही. जुन्या घराण्यांची आणखी एक अडचण आहे. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याच्या नियमांत शहरातील शंभर चौरस वार वा अधिक जागेचा भूखंड असला की पात्रता जाते. वाड्यात नावाचा हिस्सा आहे, तो विकता येत नाही, त्याचे भाडे येत नाही, तरी कागदावर माणूस सधन ठरतो.

यावर आमचे म्हणणे असे नाही की जुन्या घराण्यांस सवलत मिळावी. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कोणी पदवीधर झाले त्यांची गरज आमच्या वाड्यांतील गरजेहून अधिक खोल आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्यांच्याकडे पितळी पाटी नाही, इंग्रजी पत्र तपासून देणारे काका नाहीत, शिफारस करणारे ओळखीचे प्राध्यापक नाहीत. आमचे म्हणणे एवढेच की गरज जेथे असेल तेथे ती नेमकेपणाने सांगितली जावी. ज्याला खरोखर नाही त्याने भिडेपोटी मागे राहू नये. आणि ज्याला आहे त्याने उत्पन्न दडवून दाखला काढू नये. दुसऱ्याच्या वाट्याचे पान ओढून घेणे हे जुन्या घराण्याला अधिक लाजिरवाणे नाही काय?

अर्ज कसा असावा

पालकांनी व विद्यार्थ्यांनी काय करावे, याविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी येथे लिहिणे योग्य होईल.

पहिली गोष्ट, अर्जाची तयारी मुदतीच्या आधी किमान एक वर्ष सुरू करावी. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रके, जातीचा वा रहिवासाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते यांतील एकेका कागदावरील नावाचे स्पेलिंग जुळत नाही म्हणून अर्ज परत येतात. आईच्या कागदावर माहेरचे नाव आणि मुलीच्या कागदावर सासरचे, एवढ्यावरून महिने जातात.

दुसरी गोष्ट, गरजेचे निवेदन आणि अभ्यासाचे निवेदन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. गरज आकड्यांत लिहावी: घरात किती माणसे, किती मिळवती, वर्षाचे उत्पन्न किती, औषधपाणी आणि कर्जाचे हप्ते किती, फी व राहणे मिळून खर्च किती, घरून किती देता येईल आणि उरते किती. उत्पन्न मध्येच घटले असेल तर महिन्यासह सांगावे. वाड्याचा हिस्सा असेल तर तो लपवू नये; तो अविभक्त आहे आणि त्यापासून काही मिळत नाही, हे एका वाक्यात लिहावे. येथे विशेषणे नकोत. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणणे हा अर्जाचा हेतू नव्हे. साध्या आकड्यांचा ताळेबंद हे काम अधिक चांगले करतो, आणि तो लिहिताना मानही खाली जात नाही.

अभ्यासाचे निवेदन मात्र शब्दांत, आणि नेमक्या शब्दांत हवे. ‘मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे’ असे लिहिणारे हजार असतात. ‘एकोणिसाव्या शतकातील बडोद्याच्या स्त्रियांनी सरकारात केलेले वारसाहक्काचे अर्ज मला वाचावयाचे आहेत, त्यासाठी मी मोडी शिकले आहे आणि अमुक दफ्तरात बसले आहे’ असे लिहिणारी एखादीच असते. विषय लहान घ्यावा, साधने कोणती हे सांगावे आणि आजवर हाताने काय केले ते दाखवावे. अनुवाद, सूची, एखाद्या पोथीचे वाचन, काहीही असो. केलेले काम शंभर इच्छांहून वजनदार ठरते.

शिफारसपत्राच्या बाबतीत केळुसकर गुरुजींचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. ते कोणी मोठे अधिकारी नव्हते. पण बागेत पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा त्यांनी रोज पाहिला होता आणि त्याला स्वतः पुस्तके दिली होती. मोठ्या हुद्द्याच्या अनोळखी माणसाचे चार ओळींचे पत्र आणण्यापेक्षा, ज्यांनी तुमचे निबंध वाचले आहेत त्या प्राध्यापकांकडे जावे. त्यांस आपल्या कामाची प्रत आणि मुदतीची तारीख महिनाभर आधी द्यावी.

परदेशाचा विचार करणाऱ्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. अमेरिकेत मानव्यशाखेच्या एम.ए.ला साहाय्य विरळा, पीएच.डी.ला मात्र अनेक विद्यापीठे फी माफ करून निर्वाहवेतन देतात आणि त्या बदल्यात अध्यापनाचे काम घेतात. अर्जाची फीदेखील गरज कळविल्यास पुष्कळ ठिकाणी माफ होते, पण ते विचारावे लागते! ही दारे मात्र अरुंद होत चालली आहेत. २०२५ च्या ऑगस्टात शिकागो विद्यापीठाने मानव्यशाखेच्या अनेक विभागांत २०२६-२७ सालचे पीएच.डी. प्रवेश थांबविले वा कमी केले. इंग्लंडात ऑक्सफर्ड, रेडिंग आणि लंडनचे ‘सोआस’ येथे मिळणारी फेलिक्स शिष्यवृत्ती प्रथम वर्गातील भारतीय पदवीधरांसाठी आहे, आणि स्वतःच्या पैशाने शिकणे शक्य नसणे ही तिची अट आहे. १८९२ साली स्थापन झालेला जमशेटजी टाटांचा निधी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. ती परत फेडावयाची असते, हे घरच्यांनी आधी समजून घ्यावे. एकाच ठिकाणी अर्ज करून देवावर भार टाकू नये. आणि नकार आला तर तो आपल्या विद्येचा नकार समजू नये. जागा थोड्या आणि अर्ज फार, एवढाच त्याचा अर्थ बहुधा असतो.

देणाऱ्यांनी काय करावे

शेवटी आमच्या समाजातील देणाऱ्या हातांविषयी. या शहरात मराठी मंडळींच्या संस्था आहेत, ज्ञातींचे निधी आहेत, दिवंगत आई-वडिलांच्या नावाने ठेवलेल्या ठेवी आहेत. त्यांच्या व्याजातून दरवर्षी समारंभ होतो. दहावी-बारावीच्या गुणवंतांस पुष्पगुच्छ, प्रशस्तिपत्र आणि एक पाकीट मिळते, छायाचित्र निघते. पंच्याण्णव टक्के मिळविणाऱ्या मुलाला त्या पाकिटाने काय आधार होतो, हे त्याच्या घरच्यांनाच विचारावे. आमची सूचना अशी की या संस्थांनी आपले लहान-लहान निधी एकत्र आणून दरवर्षी दोन तरी मुलींना वा मुलांना मानव्यविद्यांच्या एम.ए.ची दोन वर्षे पूर्णपणे निभावून न्यावीत. शंभर पाकिटांहून दोन पूर्ण पदव्या अधिक मोलाच्या आहेत.

हे देताना जातीची आणि ज्ञातीची भिंत मध्ये ठेवू नये. दक्षिणेच्या इतिहासापासून एवढे तरी शिकावे. गरज एकदा, कागदावर आणि बंद लिफाफ्यात विचारावी. मंडळाच्या बैठकीत पालकांस उभे करून विचारू नये, आणि घेणाऱ्याचे नाव फलकावर लावू नये. पैसा सत्र सुरू होण्याआधी द्यावा, कारण फीची तारीख समारंभाची वाट पाहत नाही. आणि ज्यांच्या वाड्यांत माड्या रिकाम्या पडल्या आहेत त्यांनी बाहेरगावच्या विद्यार्थ्याला, त्याचे आडनाव न विचारता, एक खोली माफक भाड्याने द्यावी. १९१७ साली या शहराकडून जे झाले नाही ते आज करावयास कोणाची हरकत आहे?

ज्या घरांत आज एखादी मुलगी अर्जाचा कागद घेऊन वडिलांपुढे उभी राहील, तेथे वडिलांनी घराण्याचे नाव मध्ये आणू नये. पेन उचलावे आणि उत्पन्नाच्या रकान्यात खरा आकडा लिहावा. पुढचे काम मुलीचे आहे, आणि ते तिला करू द्यावे.